शिकवायला चालली, बंदूक धरायला नाही

मागच्या बैठकीत आमच्या गटात एक विषय निघाला आणि तो काही केल्या संपेना. पाणलोटाच्या कामावर बांध घालायला बायका जास्त होत्या, पण काम झाल्यावर पाटी लागली तेव्हा तिच्यावर एकीचंही नाव नव्हतं. "जाऊ द्या, काम तर झालं ना," असं काहीजणी म्हणाल्या. बाकीच्यांना ते पटलं नाही. तेव्हा आम्ही ठरवलं, आजच्या बोलण्यात फ्रान्समधल्या एका बाईची खरी गोष्ट सांगायची. गोष्ट लढाईतली आहे, पण ऐकताना तुम्हाला ती फार लांबची वाटणार नाही.

तिचं नाव झान बोएक. जन्म १९१९ चा. फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेला ब्रिटनी नावाचा मुलूख आहे, शेतकरी आणि कोळ्यांचा. झान तिथल्याच घरातली. शिकलेली होती, आणि युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रेस्ट बंदराजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रसायनाचं काम बघत होती.

१९४० च्या मे-जूनमध्ये जर्मनीने अवघ्या सहा आठवड्यांत फ्रान्स हरवला. १८ जूनला झान एका बोटीत बसून इंग्लंडला निघाली. दुसऱ्याच दिवशी जर्मन फौज ब्रेस्टमध्ये शिरली. ज्या दिवशी ती निघाली त्याच दिवशी लंडनच्या रेडिओवरून सेनापती चार्ल्स द गॉल यांनी फ्रेंच लोकांना आवाहन केलं, की लढाई संपलेली नाही, माझ्याकडे या. ते ऐकायच्या आधीच ही एकवीस वर्षांची पोर निघालेली होती.

इंग्लंडमध्ये ती द गॉल यांच्या फ्रेंच सैन्याच्या महिला दलात भरती झाली. पण तिथे बायकांना काम कोणतं? टंकलेखन, शुश्रूषा, कार्यालयातली कामं. पुढे तिच्या शिक्षणाचा उपयोग होईल अशी जागा मिळाली. साध्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपासून स्फोटकं कशी करता येतील, हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करू लागली. फ्रान्समध्ये लपून लढणाऱ्यांना ही माहिती हवी होती. मग तिच्या मनात आलं, माहिती माझ्याकडे आहे, तर शिकवायला मीच का जाऊ नये? तिने अर्ज केला. बाई आहे म्हणून आधी नकार आला. तिने पिच्छा सोडला नाही, आणि १९४३ मध्ये तिची निवड झाली. विमानातून पॅराशूटने उडी मारणं, हत्यारं चालवणं, सगळं ती शिकली.

आता घातपात हा शब्द आपल्याला वाईट वाटतो, म्हणून तो इथे कशासाठी होता ते सांगतो. देश परक्या फौजेच्या ताब्यात होता. त्या फौजेची माणसं, तोफा, धान्य, सगळं रेल्वेने जायचं. रेल्वे थांबवायची तर एक मार्ग विमानातून बाँब टाकण्याचा. पण बाँब रुळावर पडेल की शेजारच्या वस्तीवर, याचा भरवसा नसे. दुसरा मार्ग म्हणजे रात्री माहितगार माणसाने नेमक्या जागी जाऊन रूळ उडवायचा. त्यासाठी कणकेसारखा मळता येणारा स्फोटक पदार्थ वापरत. तो किती घ्यायचा, कुठे लावायचा, हे न शिकता केलं तर लावणाऱ्याचाच जीव जाई. झान शिकवायला आली ती हे.

२९ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री ती फ्रान्समध्ये उतरली. वय पंचवीस, उंची पाच फुटांच्या आत. तिला घ्यायला आलेल्या लोकांना वाटलं, लंडनवाले आता लेकरंही पाठवायला लागले की काय! तिथून ती ब्रिटनीत आली, आणि पुढचे महिने तिचं वाहन एकच, सायकल. गावोगाव जायचं, एखाद्या शेतघरात पाच-सात जण जमवायचे, शिकवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं.

बाई असण्याचा तिला इथे उपयोग झाला. १९४३ पासून फ्रान्समधल्या तरुणांना सक्तीने जर्मनीत कामाला पाठवत होते. त्यामुळे रस्त्यात तरुण पुरुष दिसला की त्याला अडवून कागद बघत. सायकलवरची पोरगी मात्र बाजाराला किंवा नातलगाकडे चालली असेल, असं शिपायाला वाटे. बाईला कमी समजण्याची जी सवय तिला इंग्लंडमध्ये आडवी आली, तीच इथे तिची ढाल झाली. पण पकडली गेली असती तर बाई म्हणून दयामाया नव्हती. तिच्यासारखं काम करणाऱ्या कितीतरी बायकांना जर्मनांनी छळछावण्यांत मारलं.

ती नुसती शिकवून थांबली नाही. मे महिन्यात एका रात्री रेल्वेचा रूळ उडवायला गटाबरोबर ती स्वतः गेली.

आपण रेडिओवाल्या, म्हणून रेडिओचंही सांगायला हवं. संध्याकाळी लंडनहून बीबीसीच्या फ्रेंच बातम्या लागत. त्या ऐकायला बंदी होती, तरी लोक दार लावून, आवाज बारीक करून ऐकत. बातम्यांबरोबर काही 'खासगी निरोप' वाचले जात. ऐकायला ती निरर्थक वाक्यं. पण ज्या गटासाठी असत त्याला कळे, आज रात्री विमानातून हत्यारं पडणार, किंवा ठरलेलं काम करायची वेळ झाली. ५ जून १९४४ च्या संध्याकाळी असे निरोप एकामागून एक आले. दुसऱ्या दिवशी पहाटे इंग्लंड-अमेरिकेच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. ब्रिटनीतल्या जर्मन तुकड्यांनी तिकडे वेळेत पोचू नये म्हणून ठिकठिकाणी रूळ तोडले गेले. झानने गावोगाव दिलेली शिकवणी अशा कामासाठीच होती.

त्यानंतर सां-मार्सेल गावाजवळ ब्रिटनीतले हजारो लढवय्ये जमले. झानही तिथे होती, निरोप सांकेतिक लिपीत बसवण्याच्या कामावर. १८ जूनला जर्मनांनी हल्ला केला. झानने लढायला बंदूक मागितली. ती चालवायला ती शिकलेली होती, आणि तिथल्या कित्येकांनी तर हत्यार पहिल्यांदाच हातात धरलं होतं. पण तिला सांगितलं, हे काम पुरुषांचं आहे. बंदूक मिळाली नाही. या गोष्टीची सल तिने पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली.

दिवसभर लढाई चालली, रात्री सगळे पांगले. मग जर्मनांनी सां-मार्सेल जाळलं आणि आसपासच्या लोकांना गोळ्या घातल्या. हेही आम्ही लपवत नाही. अशा लढ्याची किंमत बंदूकवाल्यांबरोबर गावातल्या बायाबापड्या, म्हातारीकोतारी यांनीही मोजली. झान पुन्हा सायकलवर बसली आणि ब्रिटनी सुटेपर्यंत काम करत राहिली.

आता हिशोब बघू. फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांना द गॉल यांनी एक मोठा सन्मान दिला. तो मिळाला १०३८ जणांना. त्यात बायका किती? फक्त सहा. झानचं नाव त्यात नाही. घरात माणसं लपवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, रात्री बारा जणांची भाकरी करणाऱ्या शेतकरणी काय कमी होत्या? पण मोजताना हिशोब धरला तो हातातल्या बंदुकीचा, आणि बंदूक तर मागूनही दिली नव्हती.

एक गोष्ट मात्र बदलली. झान गावोगाव फिरत होती त्याच दिवसांत, २१ एप्रिल १९४४ ला, द गॉल यांच्या सरकारने फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क दिला. त्याआधी त्यांना तो नव्हता. पहिलं मत त्यांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये टाकलं.

युद्धानंतर झान गणिताची शिक्षिका झाली. पुढे पॅरिसच्या एका विभागाचा कारभार बघणाऱ्यांतही ती निवडून आली. १९७५ मध्ये तिने आपल्या आठवणींचं पुस्तक छापलं, आणि २०१० मध्ये ती वारली. पुस्तक लिहिलं नसतं तर बंदूक नाकारल्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली असती का? ज्यांनी नाकारली ते काही ती लिहून ठेवणार नव्हते.

म्हणून मैत्रिणींनो, पाटीवर नाव नसलं तर "जाऊ द्या" म्हणू नका. गटाच्या वहीत लिहा. कोणी किती दिवस काम केलं, कोणी कोणाला शिकवलं, बैठकीत काय मागितलं आणि काय मिळालं नाही, सगळं तारखेसकट लिहा. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, दुसरीने लिहावं. आमच्या गटाने त्या बांधाच्या कामापासूनच सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर तेवीस नावं झाली. तुमच्या वहीत किती होतात, ते आम्हाला कळवा.