व्हिडिओ गेमला वेळेचे कुलूप
पावसाळ्यात मुले घरात अडकली की अंगठेदुखी, डोळ्यांची चुरचुर घेऊन पालक माझ्याकडे येतात. व्हिडिओ गेम अडगळीत टाकू नका. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच यांत रोजची वेळ ठरवून देण्याची सोय असते. ती वापरा, गुप्त आकडा मात्र मुलांना सांगू नका. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाइतपतच ठेवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीबाहेरच्या माडाकडे पाहू द्या. तासाभराने १५ मिनिटे विश्रांती.

१९९७ साली जपानमध्ये टीव्हीवरील 'पोकेमॉन'मधल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. खेळताना मूल हातपाय झटकू लागले, तर खेळ बंद करा, त्याला कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. झटके ५ मिनिटांत न थांबल्यास तडक रुग्णालय गाठा; थांबले तरी डॉक्टरांना दाखवाच.