वीस टनांचा भार, केसाहून बारीक खूण

सोव्हिएत संघाच्या कोला द्वीपकल्पावर 1970 मध्ये सुरू झालेलं विवर 1984 मध्ये 12 किलोमीटरपलीकडे पोहोचलं होतं. त्याच वर्षी ड्रिल पाइप तुटले आणि सुमारे 5 किलोमीटर लांबीचा तुकडा आतच राहिला. तो बाहेर निघाला नाही. सुमारे 7 किलोमीटर खोलीवरून बाजूला नवी वाट फोडावी लागली. त्यानंतर कोलाने 12,262 मीटरचा पल्ला गाठला.

इतक्या खोलवर पोलाद काय सोसतं, ते वरून कळणं अवघड. रिगच्या, म्हणजे वरच्या ड्रिलिंग यंत्रणेच्या, हुकाला किती वजन लटकलंय, हे काट्यावर दिसतं. बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, तळाला टेकलं की वजन जेवढं घटेल, तेवढा भार बिटवर आला असं धरतात. सरळ विवरात हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. तेलविहिरी मात्र हल्ली तिरक्या होत होत पार आडव्या जातात. पाइप भिंतीला घासतात आणि वाटेतच घर्षण भार खाऊन टाकतं.

म्हणून मोजणी बिटच्या लगेच वर, पोलादी नळीतच करतात. त्यासाठीचं स्ट्रेन गेज 1938 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे शोधलं. धातूची नागमोडी, अतिशय पातळ पट्टी नळीला घट्ट चिकटवलेली असते. नळी ताणली की पट्टीही ताणते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. नळी दबली की घटतो.

हा फरक किती सूक्ष्म असतो! आठ इंची जाड नळीवर वीस टन भार टाकला, तरी तिची एक मीटर लांबी घटते सुमारे 0.03 मिलिमीटर. उलट तापमान 100 अंशांनी चढलं की तीच मीटरभर नळी 1.2 मिलिमीटर वाढते. कोलाच्या तळाशी तर सुमारे 180 अंश सेल्सियस तापमान होतं. उष्णतेच्या या गोंगाटातून भाराचा आवाज वेगळा काढणं, हेच या तंत्रातलं खरं कसब. त्यासाठी काही गेज नळीच्या लांबीला समांतर, तर काही आडवी लावून ती व्हीटस्टन ब्रिज या रोधांतला फरक मोजणाऱ्या विद्युत मंडलात जोडतात. उष्णता सर्वांवर सारखाच परिणाम करते, त्यामुळे तो वजा होतो. भाराने एक दबतं, दुसरं ताणतं, म्हणून तो फरक उरतो. पीळ मोजायची गेज 45 अंशांत तिरकी बसवतात.

पीळ मोजणंही तितकंच महत्त्वाचं. कोयना परिसरातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठण्याजवळ 2017 मध्ये पूर्ण झालेल्या 3 किलोमीटरच्या विवरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टनंतर ग्रॅनाइटसारखे पुरातन खडक लागले. खडक बदलला की बिटला होणारा विरोध बदलतो. कधी बिट क्षणभर अडकतं, वरची मोटर मात्र फिरतच असते. पाइपांत पीळ साठतो आणि सुटलेलं बिट मोटरच्या दुप्पट-तिप्पट वेगानं गरगरतं. असे हिसके वारंवार बसले की बिटचे दाते तुटतात, सांधे थकतात.

तळातली ही बातमी वर येते ती बहुतेकदा मडमधून, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलद्रवातून, दाबाच्या ठोक्यांनी. तीन किलोमीटरवरून एक ठोका पोहोचायला दोनेक सेकंद लागतात आणि सेकंदाला शून्य-एकचे मोजकेच अंक पाठवता येतात. त्यामुळे बरीचशी आकडेमोड तळातच उरकून फक्त सारांश वर धाडतात. सविस्तर नोंदी उपकरणाच्या मेमरीत राहतात आणि ते बाहेर काढल्यावर वाचल्या जातात. हिसक्यांची वर्दी मिळाली की ड्रिलर बहुधा बिटवरचा भार थोडा उचलतो आणि फेरे वाढवतो. मग पुढच्या ठोक्यांतून पीळ उतरला की नाही, ते पाहतो.