पिकअपमधला ‘अर्थ’ कुठे हरवतो?

एका वाचकांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे पिकअप आहे. प्रचार, जत्रा, लग्नाची वरात अशी कामं मिळतात म्हणून त्यांनी मागच्या हौद्यात दुसरी बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवला. पॉझिटिव्हची जाडजूड केबल पुढच्या बॅटरीपासून मागपर्यंत ओढली आणि निगेटिव्ह हौद्याच्या एका नटाखाली कसला. झाला बॉडी अर्थ! आता मागची बॅटरी कधी पुरती भरत नाही, स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शीळ येते आणि ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो. वायरमन म्हणतो अ‍ॅम्प्लिफायर बदला, दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. दोघांचंही ऐकू नका. नटाकडे बघा.

मुळात रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीत ‘अर्थ’ म्हणजे जमीन आली कुठून? हा शब्द गाडीने तारायंत्राकडून उसना घेतला आहे, आणि त्यामागे एक माणूस आहे ज्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. म्युनिकचा कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल. १८३८ साली न्यूरेंबर्ग ते फ्युर्ट या रेल्वेमार्गावर तो तारायंत्राचे प्रयोग करत होता. दोन तारा टाकण्याऐवजी दोन रूळच वापरले तर, अशी गणितज्ञ गाउसची सूचना होती. प्रयोग फसला. एका रुळातला प्रवाह जमिनीतून गळून दुसऱ्या रुळात जाऊ लागला. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. श्टाइनहाइलने गळतीलाच कामाला लावलं : माती प्रवाह नेतेच आहे, तर परतीची तार हवीच कशाला? दोन्ही टोकांना तांब्याचे पत्रे पुरले, मध्ये एकच तार टाकली आणि निम्मं तांबं वाचवलं. मोर्सच्या नावाचा डंका वाजतो, पण पुढे जगभर तारा एकेरी टाकता आल्या त्या या बव्हेरियन प्राध्यापकामुळे. पुढच्याच वर्षी कोलकात्यात विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने आपल्या तारायंत्राच्या प्रयोगात हुगळीचं पाणीच मंडलाचा एक भाग बनवलं. (याच गृहस्थाने गांजाचे औषधी उपयोग पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले. त्याच्यावर वेगळा लेख लिहायची इच्छा मी बरीच वर्षं आवरतो आहे.)

श्टाइनहाइलच्या युक्तीतली खरी गंमत पुरलेल्या पत्र्यांत आहे. मातीचा कण तांब्याच्या मानाने अगदीच वाईट वाहक. पण मैलोन्मैल पसरलेल्या जमिनीत प्रवाहाला वाटा इतक्या, की मधल्या अंतराचा रोध जवळजवळ जाणवत नाही. सगळी अडवणूक होते ती पत्र्याच्या अवतीभवती, जिथे प्रवाहाला हातभर जागेतून आत शिरावं लागतं. म्हणून पत्रा मोठा हवा आणि भोवतालची माती ओली हवी. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओततात ते याचसाठी.

पिकअपची चॅसी ही तिची जमीन. पोलादाचा रोध तांब्याच्या आठ-दहा पट असतो, पण चॅसीच्या जाड पट्ट्यांपुढे तुमची केबल म्हणजे सुतळी. म्हणजे पोलाद निर्दोष. दोष सांध्यात. त्यातून पिकअप म्हणजे एकसंध लोखंड नव्हेच. इंजिन रबरी माउंटिंगवर तरंगतं, केबिन रबराच्या गाद्यांवर बसते, हौदा रंगवलेल्या चॅसीवर बोल्टने आवळलेला, कधी मध्ये रबराची पट्टीसुद्धा. विजेच्या दृष्टीने ही चार बेटं आहेत. त्यांना जोडणारे पूल म्हणजे तांब्याच्या विणलेल्या चार बोटं लांबीच्या पट्ट्या. इंजिनाची पट्टी तुटली की सेल्फ मारताना शेकडो अँपिअरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या नाहीतर क्लचच्या बारीक केबलमधून परततो. ती केबल तापून तिचं आवरण वितळतं, आणि गिऱ्हाईक क्लचला दोष देत बसतं.

आता आमच्या वाचकांचा नट. रंगावर कसलेल्या या सांध्याचा रोध ओहमचा पन्नासावा भाग धरू. ऐकायला नगण्य. पण त्यातून ५० अँपिअर गेले की १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. अल्टरनेटर देतो सुमारे १४.२, पाच मीटर लांब, १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ०.४ गेले, नटात १ गेला, मागच्या बॅटरीला उरले १२.८. एवढ्यावर बारा व्होल्टची बॅटरी नुसती जिवंत राहते, भरत नाही. वर त्या नटात ५० वॉट उष्णता. चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढी! शिळेचं मूळही हेच : केबिनमधल्या प्लेयरचा शून्य आणि हौद्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा शून्य यांत फरक पडला, अल्टरनेटरची थरथर त्या फरकात मिसळली आणि अ‍ॅम्प्लिफायरने तिलाच गाणं समजून मोठं केलं. ब्रेकच्या दिव्यालाही परतीची धड वाट मिळेना, म्हणून त्याचा प्रवाह इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा घरी गेला.

कोकणातल्या पिकअपची कथा आणखी वाईट. बंदरावरून मासळी नेताना क्रेटमधलं खारं बर्फाचं पाणी हौद्यातून थेट चॅसीवर ठिबकतं. केबलच्या टोकाचा तांब्याचा लग, पोलादी बोल्ट आणि मध्ये मिठाचं पाणी : १८०० साली व्होल्टाने रचलेली चवड हीच होती, फक्त त्याने तांब्याशेजारी जस्त ठेवलं होतं. इथे जस्ताच्या जागी तुमची चॅसी झिजते. म्हणून लग कल्हई केलेला हवा, रंग खरवडून चकाकतं लोखंड उघडं करायला हवं, दातेरी वॉशर हवा आणि कसून झाल्यावर वरून ग्रीसचा थर.

बाजारात रंगीत ‘अर्थिंग किट’ मिळतं. लावलं की अ‍ॅव्हरेज वाढतं, पिकअप सुधारतो, असं विकणारा सांगतो. कंपनीच्या पट्ट्या गंजल्या असतील तर फरक पडेलही. तो त्या गंजाचा पुरावा, किटचा पराक्रम नव्हे. पट्ट्या धड असतील तर तुमच्या इंजिनाला त्या रंगीत वायरींचा पत्ताही लागणार नाही.

मग अर्थ द्यायचा कुठे? मागच्या बॅटरीचा निगेटिव्ह जवळच्या चॅसीला, हौद्याच्या पत्र्याला नव्हे, आणि पॉझिटिव्हइतक्याच जाडीच्या केबलने. गेलेला प्रत्येक अँपिअर परतही यायचा असतो. पुढे चॅसी, इंजिन आणि जुनी बॅटरी यांच्यातले पूलही तेवढेच जाड करा. अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ मागच्या बॅटरीच्याच बोल्टवर. पॉझिटिव्हला दोन्ही बॅटऱ्यांपाशी एकेक फ्यूज. नव्या गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो येणारा-जाणारा प्रवाह मोजतो, त्यामुळे जादा वायर थेट टर्मिनलवर न लावता सेन्सरच्या पलीकडे, चॅसीच्या बाजूला लावा. नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो.

तपासताना मल्टिमीटर ओहमवर ठेवू नका. त्याचा इवलासा प्रवाह एका शाबूत धाग्यातूनही सुखाने जातो आणि आकडा छान दिसतो. इंजिन चालू ठेवा, आवाज पूर्ण सोडा, मीटर व्होल्टवर घ्या. एक काडी मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.२ च्या आत असेल तर खरोखरच अ‍ॅम्प्लिफायर बघावा लागेल. १ च्या आसपास असेल, आणि माझी पैज आहे की असेल, तर सॅंडपेपर आणा.