पीडीएफ की पुस्तक? मुलांचं वाचलेलं लक्षात राहायचं असेल तर

जून जवळ आला की आपल्या बहुतेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. वह्या, गणवेश, बूट, रिक्षाचं भाडं. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात, त्यामुळे तिथवर अडत नाही. नववीपासून पुढे मात्र पुस्तकांचा खर्च अंगावर येतो आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "विकत कशाला घ्यायची? बालभारतीची सगळी पुस्तकं नेटवर फुकट आहेत. मोबाइलवर वाचेल की!"

हे म्हणणं काही खोटं नाही. बालभारतीची मराठी आणि उर्दू माध्यमाची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उतरवून घेता येतात. ज्या घरात पुस्तक येऊच शकत नाही, तिथे ही सोय मोठी नेमत आहे. प्रश्न एवढाच आहे की पीडीएफ वाचणं आणि पुस्तक वाचणं एकच आहे का? मुलगी दोन तास मोबाइल घेऊन बसली, सगळा धडा वाचला, तर पुस्तकातून वाचल्याइतकंच तिच्या डोक्यात राहतं का?

यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये अशा 54 अभ्यासांचे निकाल एकत्र करून तपासले. त्यात 1 लाख 70 हजारांहून जास्त वाचक होते. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर जास्त समजला, असा एकूण निष्कर्ष निघाला. फरक प्रचंड होता असं नाही, पण दोन ठिकाणी तो ठळक दिसला. एक, वेळेचं बंधन असताना. दुसरं, मजकूर माहितीचा असताना, म्हणजे विज्ञान, भूगोल, इतिहास अशा विषयांचा. निव्वळ गोष्ट वाचताना मोबाइल आणि पुस्तक यांत फारसा फरक पडला नाही. आता आपल्या दहावीच्या मुलांच्या नशिबी काय असतं? माहितीचा मजकूर आणि वेळेचं बंधन, दोन्ही!

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली. 2000 ते 2017 या काळात हा फरक कमी होत गेला नाही, उलट वाढला. "आताची पिढी मोबाइलवरच वाढली, तिला सवय आहे" असं आपण सहज बोलून जातो. नुसत्या सवयीने हा फरक भरून निघत नाही, हे यातून कळतं.

असं का होत असेल? याची एक बाजू आपल्या मदरशातल्या उस्तादांना फार आधीपासून ठाऊक आहे. हिफ्जला बसलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून बजावलं जातं की एकच मुसहफ धर, मध्येच बदलू नकोस. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? कलाम तर तोच आहे. पण ज्याने पाठ केलंय त्याला विचारा. त्याला आयत आठवते ती तिच्या जागेसकट आठवते. उजव्या पानावर, वरून चौथी ओळ, कोपऱ्याजवळ. तरावीहमध्ये हाफिजसाहेब क्षणभर थांबतात तेव्हा पुष्कळदा डोळ्यांसमोर पानच आणत असतात. मदीनेच्या किंग फहद छापखान्याचा प्रसिद्ध मुसहफ घ्या. 604 पानं, पानावर 15 ओळी आणि प्रत्येक पान आयत पूर्ण करूनच संपतं. आपल्याकडच्या 15 ओळींच्या हाफिजी कुरआनचीही रचना अशीच असते. पाठ करणाऱ्याच्या सोयीसाठीच हे सगळं इतकं काटेकोर ठेवलेलं आहे.

आता मोबाइलवरचं अ‍ॅप उघडा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये एक आयत, तिच्याखाली तरजुमा, मग पुढची आयत, अशी उभी यादी बोटाने वर सरकत राहते. अर्थ समजून घ्यायला हे छान आहे. पण इथे कुठल्याच आयतीला कायमची जागा नाही. आत्ता वर होती ती क्षणात गायब झाली. अक्षर मोठं केलं की सगळी मांडणीच बदलली. स्मरणशक्तीला धरायला खुंटीच उरत नाही. म्हणून हिफ्जच्या मुलाला काही कारणाने मोबाइल वापरावाच लागला, तर अ‍ॅपमध्ये मुसहफचं अख्खं पान दिसेल अशी सोय असते, ती निवडून द्यावी. पान जसंच्या तसं दिसतं आणि बोटाने उलटता येतं. नुकसान बरंचसं टळतं. (मोबाइलवरच्या तिलावतीचे वुजू वगैरेचे मसले आपल्या उलमांना विचारावेत, तो आमचा प्रांत नाही.)

हीच गोष्ट नॉर्वेच्या संशोधक आन्ने मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेगळ्या तऱ्हेने पाहिली. 50 जणांना 28 पानांची एक रहस्यकथा दिली. निम्म्यांनी छापील पुस्तकात वाचली, निम्म्यांनी किंडलवर. बहुतेक प्रश्नांची उत्तरं दोघांची सारखीच आली. पण कोणती घटना आधी घडली, कोणती नंतर, हे क्रमाने लावायला सांगितलं तेव्हा छापील पुस्तकवाले पुढे गेले. पुस्तक हातात असलं की डावीकडे वाचलेली पानं जाड होत जातात, उजवीकडची पातळ. आपण कुठवर आलो हे बोटांनाही कळत असतं, कदाचित त्याचाच हा फायदा असावा, असं त्यांचं म्हणणं आहे. किंडलवर प्रत्येक पान सारख्याच जाडीचं!

किंडलचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा करायला हवा. मोबाइल आणि किंडल यांना एकाच मापाने मोजू नये. 2007 मध्ये आलेल्या पहिल्या किंडलपासून त्यात जो पडदा असतो तो मोबाइलसारखा झगमगत नाही. त्यात काळ्या-पांढऱ्या कणांनी भरलेल्या बारीक कुप्या असतात. विजेच्या इशाऱ्याने ते कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. बाहेरचा उजेड त्यावर पडतो, तसंच आपण ते वाचतो, कागदासारखं. डोळ्यांना हे बरं. 2016 पासून त्यावर मराठी पुस्तकंही मिळतात. उर्दूचं गाडं मात्र अडतं. नेटवर फिरणाऱ्या उर्दू पुस्तकांच्या पीडीएफ म्हणजे पुष्कळदा पानांचे नुसते फोटो असतात. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही. सहा इंची मोबाइलवर असं पुस्तक वाचणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं.

सगळ्यात काळजीची वाटते ती मात्र वेगळीच गोष्ट. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात 90 विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, तो 2017 मध्ये छापून आला. मुलांना स्क्रीन जास्त आवडत होती आणि आपल्याला स्क्रीनवरच जास्त कळलं, असं त्यांना ठामपणे वाटत होतं. मजकुराचा मुख्य विषय काय, हे दोन्हीकडे सारखंच कळलं होतं. बारकावे विचारले तेव्हा मात्र कागदावर वाचलेलंच जास्त आठवलं. म्हणजे मूल "झाला माझा धडा" म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून अम्मी-अब्बांनी रागावण्यापेक्षा धडा बंद करून दोन प्रश्न विचारावेत. मोबाइलवर वाचलं असेल तर चार विचारावेत.

शिवाय मोबाइल म्हणजे नुसतं पुस्तक नव्हे. त्यातच व्हॉट्सअ‍ॅप, त्यातच रील, त्यातच मामूंचा फोन. पुष्कळ घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो अब्बांबरोबर कामावर जातो. रात्री नऊ-दहाला ते आले की मुलांचा अभ्यास सुरू! त्या वेळेलाही किंमत मोजावी लागते. अमेरिकेत 12 जणांना 14 दिवस प्रयोगशाळेत ठेवून पाहिलं होतं. काही रात्री त्यांनी झोपण्याआधी टॅब्लेटवर वाचलं, काही रात्री छापील पुस्तक. टॅब्लेटच्या रात्री झोप लागायला सुमारे 10 मिनिटं जास्त लागली आणि सकाळी सुस्ती जास्त राहिली. त्यात टॅब्लेटचा उजेड पूर्ण ठेवला होता आणि वाचन चार-चार तास होतं, हेही सांगितलं पाहिजे. तरी फजरला मूल उठत नाही म्हणून ओरडण्याआधी रात्री त्याच्या हातात काय होतं, ते पाहावं.

मग मोबाइलवर वाचूच नये का? असं कोण म्हणतं! दादीला आता छापील बारीक अक्षर दिसत नाही, तिला मोबाइलवर अक्षर बोटाने मोठं करून दिलं की ती पुन्हा वाचायला लागते. ज्यांना दिसतच नाही त्यांना मोबाइल वाचून दाखवतो. रेख्ताच्या संकेतस्थळावर उर्दूची अशी जुनी पुस्तकं आहेत जी भेंडीबाजारच्या दुकानांतही मिळायची नाहीत. एखादा शब्द, एखादी तारीख, एखादं सूत्र शोधायचं तर मोबाइलला तोड नाही. आमचा हिशेब साधा आहे: शोधायला मोबाइल, मुरवायला कागद.

स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने शाळांत टॅब्लेट भरभरून दिले आणि 2023 मध्ये तिथल्या सरकारने छापील पुस्तकं परत आणायला 68 कोटी 50 लाख क्रोनर बाजूला काढले. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण रस्ते आहेत. औरंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, 2021 मध्ये एका शाळकरी मुलीपासून सुरू झालेली 'मोहल्ला लायब्ररी' आज अनेक वस्त्यांत पोहोचली आहे. एखादी खोली, एक कपाट आणि घराघरांतून आलेली पुस्तकं, एवढ्यावर ती उभी राहते. आपल्या जमातखान्यात किंवा मशिदीशेजारच्या खोलीत असं कपाट ठेवायला कुणाची हरकत असणार? दहावी-बारावी झालेल्या मुलांची पुस्तकं रद्दीत जाण्याआधी तिथे आली, तर पुढच्या जूनला दहा-बारा घरांचा खर्च वाचेल. फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे छपाईचं वर्ष बघून आधी तपासावं.

आणि पीडीएफशिवाय इलाजच नसेल, तर अख्खं पुस्तक छापायची गरज नाही. विज्ञान आणि भूगोलाचे जड जाणारे चार-पाच धडे निवडावेत, झेरॉक्सच्या दुकानात पाठपोट काढून घ्यावेत, बाजूला थोडी मोकळी जागा सोडायला सांगावी. मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी आणि त्या पानांवर खुशाल लिहू द्यावं.