हँडकंट्रोलर गप्प झाला की

भात झोडून झालं, खाचरं वाळली, थंडी पडू लागली की तानसाच्या बाजूला आकाश बघायचे दिवस सुरू होतात. नैऋत्येला मुंबई-ठाण्याचा पिवळट उजेड क्षितिजावर असतोच. 1892 पासून इथल्या तलावाचं पाणी त्या शहराला जातंय, आता तिथला उजेड इकडे येतोय. तरी डोक्यावर आणि पूर्वेला अजून चांगला काळोख मिळतो. तलावाचा परिसर अभयारण्यात येतो, रात्री तिथे जायचं नाही. दुर्बीण मांडायची ती पाड्याजवळच्या खळ्यावर नाहीतर शाळेच्या पटांगणात, गावातल्या माणसांना विचारून. मुलं जेवून येतात, लहानग्यांना कडेवर घेऊन बायका येतात, म्हातारी माणसं घोंगडी पांघरून बसतात. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "काका, कंट्रोलर चालत नाही."

मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर आकाशदर्शनाच्या गटांबरोबर जाऊ लागलो आणि त्यांच्या बिघडलेल्या दुर्बिणी आपसूक माझ्याकडे आल्या. या कामात एक गोष्ट पक्की कळली. हँडकंट्रोलर स्वतः क्वचितच मरतो. एक तर त्याला वीज पुरत नाही, नाहीतर जोड सैल असतो, नाहीतर आपणच त्याला चुकीची माहिती दिलेली असते. लोक मात्र आधी त्याचेच स्क्रू काढायला बसतात.

हा कंट्रोलर करतो काय, ते आधी सांगतो. संगणकावर चालणाऱ्या दुर्बिणीच्या बैठकीत, म्हणजे माउंटमध्ये, दोन मोटरी असतात. एक आडवी फिरवते, दुसरी वर-खाली नेते. मोटर किती फिरली ते मोजायला आत एन्कोडर असतो. त्या मोटरी हाकणारं सर्किटही माउंटमध्येच असतं. हातातल्या डबीत ताऱ्यांची यादी असते, गणित असतं आणि बटणं असतात. डबी वायरीवरून हुकूम पाठवते, सर्किट उत्तर देतं. हौशी लोकांमध्ये अशा दुर्बिणी पसरल्या त्या मीड कंपनीची एलएक्स200 मालिका 1992 मध्ये आल्यानंतर. 1999 पासून मीडचा ऑटोस्टार आणि सेलेस्ट्रॉनचा नेक्सस्टार यांनी छोट्या दुर्बिणींनाही ही सोय दिली. हजारो तारे, तारकागुच्छ आणि दीर्घिका त्या डबीत आधीच भरलेल्या असतात.

म्हणजे पडद्यावर "नो रिस्पॉन्स" आलं तर डबी जिवंत आहे. तिने हाक मारली, पलीकडून उत्तर आलं नाही, एवढंच ती सांगते. नेक्सस्टारमध्ये त्यापुढे 16 आकडा आला तर आडव्या फिरण्याच्या मोटरीचं सर्किट बोलत नाही, 17 आला तर वर-खाली नेणारीचं. हा आकडा लगेच कागदावर लिहून ठेवावा. घाबरून बंद-चालू केलं की तो जातो आणि हातातला सगळ्यात चांगला पुरावा जातो.

फॉल्ट शोधायचा तो वीज येते त्या टोकापासून. खात्यात आम्हाला हेच शिकवलं होतं आणि इथे ते तंतोतंत लागू पडतं. बहुतेक माउंट 12 व्होल्टवर चालतात. पुष्कळ दुर्बिणींत आठ पेन्सिल सेल बसतात. साधे अल्कलाइन सेल दीड व्होल्टचे, आठांचे बारा होतात. पण चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असतात, त्यांचे आठ मिळून 9.6 व्होल्टच भरतात. पडदा तेवढ्यावर छान उजळतो, मेन्यू दिसतो, बटणं वाजतात. मग एखादा तारा निवडून एंटर दाबला की दोन्ही मोटरी जोरात फिरायला लागतात, वीज जास्त ओढतात, व्होल्टेज खाली बसतं आणि डबी पुन्हा पहिल्या पानावर येते. यंत्र मध्येच नव्याने सुरू होत असेल तर संशय विजेवरच घ्यायचा. मल्टिमीटर लावायचा तोही मोटर फिरत असताना. नुसतं बसल्या जागी मोजलेलं व्होल्टेज फसवतं.

मुरबाडकडच्या एका गावात असंच झालं होतं. सेल बसले होते, दुकानं लांब, समोर पटांगणभर माणसं. तिथल्या एका शेतकऱ्याने पाठीवरच्या फवारणी पंपातली बॅटरी काढून आणली. 12 व्होल्टची, बंद लेड-ॲसिड. मीटरने प्लस-मायनस बघून आम्ही ती जोडली आणि रात्र निघाली. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी विचारतो, फवारणीचा पंप कुणाकडे आहे? प्लगच्या आतली पिन प्लस असायला हवी, हे मात्र दुर्बिणीच्या पुस्तिकेत आणि मीटरवर दोन्हीकडे तपासावं. उलटी वीज गेली तर सर्किट खरंच जळतं. टेम्पोच्या बॅटरीवर दुर्बीण चालवत असाल तर ती जोडलेली असताना इंजिनाला स्टार्टर मारू नये.

प्लगचं आणखी एक आहे. बाहेरून 5.5 मिलिमीटरचे दिसणारे प्लग आतून दोन प्रकारचे मिळतात, 2.1 आणि 2.5 मिलिमीटर भोकाचे. मोठ्या भोकाचा प्लग पिनेवर सैल बसतो. दुर्बीण फिरली, वायर जराशी ओढली गेली की वीज तुटते. वायर ट्रायपॉडच्या पायाला सैलसर बांधली की ताण प्लगवर येत नाही.

वीज ठीक असेल तर पुढचा मुक्काम कॉर्ड. तिचं टोक टेलिफोनच्या टोकासारखंच दिसतं. कुठे सहा पिनांचं, कुठे आठ. म्हणून लोक घरातली टेलिफोनची कॉर्ड लावून बघतात. ते करू नये. टेलिफोनच्या कॉर्डमध्ये बहुतेक वेळा दोन किंवा चारच तारा असतात आणि दोन टोकांना त्यांचा क्रम उलटा असतो. माउंटवर एकाच आकाराची दोन-तीन सॉकेटं असतात, त्यातलं एक फोटोग्राफीच्या ऑटोगाइडचं. अंधारात कॉर्ड त्यात गेली तर डबी चांगली असूनही काम होत नाही. कंट्रोलरचं सॉकेट कोणतं, ते दिवसाउजेडी रंगीत टेप लावून ठेवावं.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. शहापूर-मुरबाडचा पाऊस ज्याने पाहिला त्याला सांगायला नको. जूनपासून पेटीत पडलेली दुर्बीण नोव्हेंबरात काढली की सॉकेटातल्या बारीक पिनांवर पापुद्रा चढलेला असतो, बॅटरीच्या स्प्रिंगा हिरव्या झालेल्या असतात. वीज पूर्ण बंद करावी, कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसाव्यात, सुकू द्याव्यात, मग कॉर्ड पाच-सात वेळा आत-बाहेर करावी. रॉकेल नको, सँडपेपर तर नकोच; पिनांवरचा पातळ मुलामा निघून जातो. आत दबलेली पिन असेल तर ती बारीक आकड्याने हलकेच वर उचलता येते, पण त्याला सवयीचा हात लागतो. पावसाळ्याआधी सेल काढून ठेवले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कंट्रोलर ठेवला तर यातलं निम्मं काम उरतच नाही. हिवाळ्यात पहाटेकडे दव पडतं, तेव्हा डबी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूनही बटणं दाबता येतात.

दुर्बीण आपोआप एकाच दिशेला सरकत राहिली तर एखादं बटण अडकलेलं असू शकतं. आतली रचना टीव्हीच्या रिमोटसारखीच असते: रबराची बटणं आणि त्यांच्याखाली काळे कार्बनचे ठिपके. ते पुसले की काम होतं. हे घरी, टेबलावर करायचं. मैदानावर स्क्रू गवतात गेला की संपलं.

आता सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार: "सगळं चालतंय, पण दुर्बीण भलतीकडेच बघते." इथे इलेक्ट्रॉनिक्सचा काही दोष नसतो. कंट्रोलर बहुधा तारीख अमेरिकन पद्धतीने मागतो, आधी महिना, मग दिवस. 5 जानेवारी आपण सवयीने 05/01 घातली की त्याच्यासाठी 1 मे उजाडतो. संध्याकाळी आठला मृग नक्षत्र पूर्वेला वर चढलेलं असतं आणि दुर्बीण ते पश्चिमेला शोधायला निघते. दुसरी गडबड आपल्या साडेपाच तासांची. टाइम झोनमध्ये नुसतं पाच घातलं तर अर्ध्या तासाचा फरक पडतो. आकाश तासाला 15 अंश फिरतं, म्हणजे साडेसात अंशांची चूक, पौर्णिमेचे पंधरा चंद्र ओळीने मांडावेत एवढी. ज्या डबीत अर्ध्या तासाचा झोन नसेल तिथे झोन शून्य ठेवावा आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ घालावी, त्या वेळेची तारीखही. डेलाइट सेव्हिंग कायम बंद. आणि रेखांशापुढे पूर्व आहे ना, ते बघावं. तानसा साधारण साडेएकोणीस अंश उत्तर आणि सव्वात्र्याहत्तर अंश पूर्व आहे. पूर्वेच्या जागी पश्चिम राहिलं तर जवळपास पावणेदहा तासांचा घोळ होतो.

यातलं काहीही तपासायला दहा-पंधरा मिनिटं जातात. तोवर माणसांना ताटकळत ठेवणं मला पटत नाही. आमच्यातली एक मुलगी लगेच पुढे होते आणि नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखवायला लागते: कृत्तिका, रोहिणी, व्याध. हात लांब करून क्षितिजावर उभी वीत धरायला सांगते; उत्तरेला तिच्या वरच्या टोकाजवळ ध्रुव सापडतो, कारण इथून तो जेमतेम साडेएकोणीस अंश उंच असतो. हॅलेचा धूमकेतू येत होता त्या काळात, 1985 मध्ये, मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. पुढे त्यांनी वांगणीला रात्र-रात्र लोकांना आकाश दाखवलं. त्या सुरुवातीच्या वर्षांत हौशी माणसाच्या हाती असली डबी नव्हतीच. तारे ओळखणारं माणूस आजही गटात हवंच. दोन ताऱ्यांवर दुर्बीण जुळवताना पडद्यावर आर्क्ट्युरस लिहून येतं, तेव्हा स्वाती कुठे आहे ते त्यालाच माहीत असतं.

वीज, कॉर्ड, पिना, माहिती सगळं तपासून झालं आणि तरी डबी गप्पच, तर दुसऱ्याची त्याच जातीची डबी लावून बघावी. किंवा वाय-फायचा ॲडॉप्टर असेल तर तो जोडून फोनवरून मोटरी हलतात का पाहावं. हलल्या तर दोष डबीत, नाही हलल्या तर माउंटमध्ये. "बूट लोडर" असे शब्द येऊन अडकलं असेल तर आतलं सॉफ्टवेअर विस्कटलेलं आहे. संगणकाला जोडून ते पुन्हा भरता येतं, पण खात्रीची वीज असलेल्या घरी. भरताना मध्येच लाइट गेली की पुन्हा तीच अवस्था. जुनी डबी टाकून मात्र देऊ नये. मीडसारखी कंपनी 2024 मध्ये बंद झाली, तिचे सुटे भाग आता एकमेकांकडूनच मिळवायचे आहेत. दोन मेलेल्या डब्यांतून एक चालती होते, हे मी माझ्या टेबलावर केलेलं आहे.