न झालेलं सार्वमत

निकाल 52 विरुद्ध 48 असा निसटता लागला तर प्रकरण तिथे मिटणार नाही, असं मे 2016 मध्येच बजावून ठेवलं होतं ते बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनी. ब्रिटनने युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने थोडक्यात कौल लागेल, अशी तेव्हा त्यांना धास्ती होती. निकालानंतर ज्या याचिकेवर चाळीस लाखांहून अधिक सह्या पडल्या, तीही मतदानाआधी बाहेर पडण्याच्या एका समर्थकानेच पार्लमेंटच्या संकेतस्थळावर टाकलेली होती. मतदान 75 टक्क्यांहून कमी झालं आणि जिंकणाऱ्या बाजूला 60 टक्केही मतं पडली नाहीत तर पुन्हा कौल घ्यावा, ही तिची मागणी. 23 जूनला 72.2 टक्के मतदान झालं, 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं, 48.1 टक्क्यांनी राहा म्हटलं, आणि एका रात्रीत दोन्ही बाजूंनी भूमिकांची अदलाबदल केली. त्यामुळे पुढच्या साडेतीन वर्षांत लोकशाहीच्या तत्त्वाची जी भाषणं झाली, ती मी फारशी मनावर घेत नाही. पाहण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. रस्त्यावर लाखो लोक, पार्लमेंटमध्ये अडीचशेहून अधिक खासदार आणि बहुमत गमावलेलं सरकार, एवढं सगळं अनुकूल असताना दुसरं सार्वमत का झालं नाही?

ठरलेलं उत्तर असं, की एकदा दिलेला कौल पुन्हा मागणं हाच जनतेचा अपमान होता. हे टिकत नाही. ब्रिटनने 1975 मध्येही याच विषयावर कौल घेतला होता आणि 67.2 टक्क्यांनी राहण्याचं ठरवलं होतं. लोक मत बदलू शकतात हे मान्य केल्याशिवाय 2016 चं मतदानच घेता आलं नसतं. डेन्मार्कने 1992 मध्ये मास्ट्रिख्ट करार नाकारला आणि पुढच्या वर्षी स्वीकारला. आयर्लंडने 2001 मध्ये नीस आणि 2008 मध्ये लिस्बन करार फेटाळले. दोन्ही वेळा सव्वा वर्षाच्या आसपास पुन्हा मतदान झालं आणि होकार मिळाला. ब्रिटनमधल्या दुसऱ्या सार्वमताच्या पुरस्कर्त्यांनी हे दाखले वारंवार दिले, पण त्यांतली मेख सोडून दिली. कोपनहेगन आणि डब्लिनमध्ये पुन्हा विचारणारे ज्यांनी आधी विचारलं तेच होते, म्हणजे खुद्द सरकार. नकाराची कारणं घेऊन ते ब्रसेल्सला गेले होते आणि काहीतरी पदरात पाडून परतले होते: डेन्मार्कने चलन आणि संरक्षणात सवलती मिळवल्या, आयर्लंडने तटस्थता, कर आणि गर्भपातविषयक कायद्यांबाबत हमी. 'तुमचं ऐकलं, आता हे पाहा' असं म्हणायची सोय त्यांच्याकडे होती. लंडनमध्ये पुन्हा विचारा म्हणत होते ते हरलेले लोक, आणि नाराज मतदारापुढे ठेवायला त्यांच्याकडे नवं असं काही नव्हतं.

2016 च्या सार्वमतातली खोट मात्र खरीच होती. तुलनेसाठी गोवा पाहा. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा एका बाजूला फूल आणि दुसऱ्या बाजूला दोन पानं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, पानं म्हणजे संघप्रदेश. दुसऱ्या दिवशी काय होणार हे दोन्हीकडे स्पष्ट होतं. पानं जिंकली, आणि दोनच महिन्यांनी विलीनीकरणवादी मगो पक्ष विधानसभा निवडणूक जिंकून पुन्हा सत्तेवर आला, तरी तो कौल फिरवला गेला नाही. ब्रिटनमध्ये 'राहा'चा अर्थ ठाऊक होता, पण 'बाहेर पडा'चा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला. नॉर्वेसारखी सलगी, नुसती कस्टम्स युनियन की कराराविना फारकत, हे मतपत्रिकेवर नव्हतं. म्हणून अर्थ ठरल्यावर तो लोकांपुढे पुन्हा ठेवा, हे म्हणणं तर्काला धरून होतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी अर्थ ठरवायला हवा होता, आणि तेच टाळण्यासाठी सार्वमताचा आडोसा घेतला गेला.

एप्रिल 2018 मध्ये सुरू झालेल्या मोहिमेचं नावच पाहा: 'पीपल्स व्होट'. सार्वमत नाही, युरोप नाही, राहणंही नाही. नाव चतुर होतं आणि त्याच्या छत्राखाली सगळे मावत होते. मार्च 2019 च्या मोर्चात दहा लाख लोक आल्याचा आयोजकांचा दावा होता. पण प्रश्न काय विचारायचा? पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार की राहणं? करार की कराराविना बाहेर? की तीन पर्याय? एकमत नव्हतं. 15 जानेवारी 2019 ला मे यांचा करार 432 विरुद्ध 202 मतांनी कोसळला, तेव्हा खरी संधी आली. 14 मार्चला दुसऱ्या सार्वमताची उपसूचना प्रत्यक्ष मताला आली, तर मोहिमेच्या धुरीणांनीच 'ही वेळ नव्हे' म्हटलं आणि तिला जेमतेम 85 मतं पडली. 1 एप्रिलला खासदारांनी पर्यायांवर एकेक करून मत दिलं. लोकांकडून शिक्कामोर्तब करून घेण्याचा प्रस्ताव 280 विरुद्ध 292 असा पडला. हुजूर पक्षाचे केनेथ क्लार्क यांचा कस्टम्स युनियनचा प्रस्ताव 273 विरुद्ध 276 असा, म्हणजे तीन मतांनी. राहण्याच्या बाजूच्या काही खासदारांनी क्लार्क यांच्या विरोधात मत दिलं, काही तटस्थ राहिले. सगळं मिळेल या आशेवर असलेल्यांना अर्धं नकोसं झालं होतं.

यावर आक्षेप येतो की ती मतं निव्वळ चाचपणीची होती. प्रस्ताव जिंकला असता तरी हुजूर पक्षाने तो उधळला असता. असेलही. मे यांच्या पक्षातल्या कडव्यांनी त्यांचाच करार तीनदा पाडला होता. तरीही पार्लमेंटचं बहुमत एका ठोस पर्यायामागे उभं आहे असं एकदा दिसलं असतं, तर पुढच्या वाटाघाटींत त्याचं वजन पडलं असतं. शिवाय असा पर्याय हाती असता, तर लोकांना विचारायला नेमकं काहीतरी मिळालं असतं. मधली वाट बंद करून मोहिमेने आपलंच सार्वमत अवघड केलं.

मजूर पक्षाची कोंडी सर्वांत मोठी होती, कारण त्याचे बहुतेक मतदार राहण्याच्या बाजूचे, तर त्याच्याकडचे बहुसंख्य मतदारसंघ बाहेर पडण्याच्या बाजूचे. 2018 च्या लिव्हरपूल अधिवेशनात 'सगळे पर्याय खुले' असा ठराव झाला, आणि राहण्याचा पर्यायही कुणी वगळलेला नाही हे पक्षाचे ब्रेग्झिट-प्रवक्ते कीर स्टार्मर यांचं वाक्य टाळ्या घेऊन गेलं. 2019 च्या निवडणुकीपर्यंत धोरण असं झालं: नवा करार करू, तो सार्वमताला ठेवू आणि नेते जेरेमी कॉर्बिन स्वतः तटस्थ राहतील. लिबरल डेमोक्रॅट्सनी तर सप्टेंबरमध्ये ठरवलं, की बहुमत मिळालं तर लोकांना न विचारताच ब्रेग्झिट रद्द करायचं. 'लोकांना पुन्हा विचारा' असं तीन वर्षं सांगणाऱ्या पक्षाने विचारण्याची गरजच काढून टाकली! ऑक्टोबरअखेरीस 'पीपल्स व्होट'च्या कार्यालयातच हकालपट्ट्या आणि संप सुरू झाले.

12 डिसेंबरला हुजूर पक्षाला 43.6 टक्के मतं आणि 365 जागा मिळाल्या. दुसरं सार्वमत किंवा राहणं मागणाऱ्या पक्षांच्या मतांची बेरीज निम्म्याहून किंचित जास्त भरते, आणि ही बेरीज आजही सांत्वनासारखी सांगितली जाते. पण मजूर पक्षाला पडलेलं प्रत्येक मत सार्वमतासाठी होतं असं धरायला आधार नाही, आणि हीच मतं आपसात विभागली जाणार हे निवडणुकीला वाट करून देणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट्सना दिसत होतं. त्यांच्या नेत्या जो स्विन्सन आपली जागा 149 मतांनी हरल्या. टोनी ब्लेअर यांचं जुनं सेजफील्ड हुजूर पक्षाकडे गेलं. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडला. वर्षाअखेरीस, 30 डिसेंबरला, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा व्यापार करार 521 विरुद्ध 73 मतांनी मंजूर झाला. बाजूने मत द्या, असा आदेश आपल्या खासदारांना देणारे विरोधी पक्षनेते होते कीर स्टार्मर.