संमती कोणाची, साक्ष कशाची?

टिटवाळा-कल्याण-डोंबिवली परिसरातील वैद्यबंधूंशी आणि औषधी विक्रेत्यांशी बोलताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात आली आहे. परवाने, जाहिरातींवरील निर्बंध, भेसळीचे खटले यांविषयी आपली मंडळी मोठ्या हिरीरीने बोलतात. परंतु लैंगिक गैरवर्तनाच्या कायद्याचा विषय निघाला की आवाज खाली येतात. मग बाजूला घेऊन जे विचारले जाते ते बहुधा तीन प्रश्नांत मावते. खोटी तक्रार झाली तर काय? अल्पवयीन मुलगी आली आणि सोबतच्यांनी गप्प राहण्याची गळ घातली तर काय? आणि दुकानात दोनच मुली कामाला असताना तो समितीचा कायदा आपल्यालाही लागू आहे काय? यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत तळमळीने विचारला जातो. वैद्याला सर्वाधिक अडचणीत आणणारा मात्र दुसरा आहे, म्हणून आम्ही तेथूनच आरंभ करतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. पीडित मुलींची संख्या सतरा होती. वसतिगृहातील मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांवरही गुन्हा नोंदला गेला. त्यांनी अत्याचार केला असा आरोप नव्हता. घडलेले कळूनही पोलिसांना कळविले नाही, एवढाच आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरविण्यात आला. डॉक्टर दोषी आहेत की नाहीत हे न्यायालयाने तेथे ठरविले नाही. परंतु माहिती असून न कळविणे हा गंभीर अपराध आहे आणि अशा मौनातून बहुधा अपराध्यालाच आडोसा मिळतो, असे स्पष्ट केले.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाचे, म्हणजे पोक्सोचे, कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द वापरते. वैद्य, परिचारिका, औषधाच्या दुकानातील नोकर, कोणीच त्यातून सुटत नाही. अपराध घडल्याचे कळले किंवा घडण्याचा संभव वाटला, तर स्थानिक पोलीस अथवा विशेष बालपोलीस पथक यांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडविला तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र त्यापायी कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कल्याणहून फुटणाऱ्या दुसऱ्या लोहमार्गावरील बदलापूर येथे शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले व लोक रेल्वे रुळांवर उतरले, हे आपल्या परिसराला सांगावयास नको. त्या प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही माहिती न दिल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला होता.

आपल्या चिकित्सालयात हा प्रसंग इतक्या उघड रूपात येत नाही. तो येतो ‘पाळी चुकली आहे, काहीतरी उष्ण औषध द्या’ या वाक्याने. सोबत आई असते, कधी मावशी, कधी ‘नवरा’ म्हणविणारा तरुण. मुलीचे वय विचारले की उत्तर द्यायला क्षणभर अधिक वेळ लागतो. येथे वैद्याने तीन गोष्टी मनाशी पक्क्या ठेवाव्यात. पहिली, अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नव्हे. प्रियकराशी संबंध होता किंवा तिचे लग्न झाले आहे, या दोन्ही सबबी चालत नाहीत. अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच आले आहे. दुसरी, १९७१ च्या कायद्यानुसार गर्भपात करण्याचा अधिकार आयुर्वेदाच्या पदवीधरास नाही. अनधिकृत व्यक्तीने केलेल्या गर्भपातास दोन ते सात वर्षे सक्तमजुरी आहे, आणि काढा देऊन ‘मोकळे करण्याचा’ प्रयत्न करणाराही गर्भपात घडविण्याच्या गुन्ह्यातून सुटत नाही. तिसरी, मुलीला हाकलून लावणे हा मार्ग नव्हे. ती बाहेर पडली की एखाद्या भोंदूकडे जाते. तिला सुरक्षित गर्भपाताची वाट शासकीय रुग्णालयाकडे दाखविता येते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की, गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने मुलीच्या व पालकांच्या विनंतीवरून पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिचे नाव व ओळख उघड करण्याचे कारण नाही. बदनामीच्या भयाने दडून राहू पाहणाऱ्या आईला एवढे एक वाक्य सांगितले तरी तिचा पाय शासकीय रुग्णालयाकडे वळू शकतो.

सोळा-सतरा वर्षांच्या दोन मुलांच्या परस्पर ओढीलाही हाच कायदा लावणे कठोर आहे, असे आम्हांसही वाटते. विधि आयोगाने २०२३ मध्ये या वयोगटासाठी न्यायालयास काही विवेकाधिकार देण्याची सूचना केली. संमतीचे वय मात्र खाली आणू नये असेच म्हटले. कठोरता तोलण्याचे काम न्यायालयाचे. वैद्याने ते आपल्या शिरावर घेऊ नये.

चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न नेण्याची आज्ञा आहे. गोपनीयतेचा तो धर्म आजही कायम आहे. कायद्याने त्याला बालकांपुरता हा एक अपवाद जोडला, इतकेच. त्याच उपदेशात पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रीची चिकित्सा करू नये असेही आहे, आणि सुश्रुताचार्यांनी व्यवसायात प्रवेश करणाऱ्या वैद्याला स्त्रियांशी एकत्र बसणे व थट्टामस्करी वर्ज्य सांगितली आहे. त्या काळी ती मोठीच मर्यादा होती. परंतु आजचा कायदा एका मुद्द्यावर या परंपरेपासून वेगळा होतो: संमती पतीची नव्हे, तिची स्वतःची हवी.

टिटवाळ्याच्या महागणपतीची स्थापना शकुंतलेने केली अशी आपल्याकडे आख्यायिका आहे, म्हणून येथे तिचे स्मरण अस्थानी ठरू नये. कालिदासाच्या नाटकात मुद्रिका हरवली आणि तिच्या शब्दाला किंमत उरली नाही. आमच्या न्यायालयांतही दीर्घकाळ अशीच खूण मागितली जात असे. २६ मार्च १९७२ रोजी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला ‘मथुरा खटला’ म्हणून प्रसिद्ध आहे. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, अशा कारणांनी आरोपींना सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ झाली व १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्या दुरुस्तीने पोलीस आणि तुरुंगाचे कर्मचारी यांच्या शेजारी रुग्णालयातील माणसेही कायद्यात आणून बसविली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने तेथील स्त्रीवर बलात्कार केला तर न्याय संहितेच्या कलम ६४ नुसार किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालय संमती नव्हती असेच गृहीत धरते. ‘तीच राजी होती’ ही ढालही पुरेशी नाही, कारण आपल्या स्थानाचा वा विश्वासाचा गैरफायदा घेऊन स्त्रीला संबंधास प्रवृत्त करणे हा कलम ६८ खाली वेगळा गुन्हा आहे व त्यास पाच ते दहा वर्षे शिक्षा आहे. रुग्णालयाची व्याख्याही विस्तृत असून वैद्यकीय मदतीसाठी माणसे दाखल होतात त्या कोणत्याही संस्थेचा परिसर तिच्यात येतो. पंचकर्म केंद्राने आपण त्यातून बाहेर आहोत असे समजू नये.

पंचकर्मात तर संमतीचा प्रश्न रोजचाच. शुद्ध वैद्यकीय क्रियेला कायद्याने बलात्काराच्या व्याख्येतून वगळले आहे. परंतु ती क्रिया वैद्यकीयच होती हे दाखविण्याची वेळ आली तर वैद्याच्या हातात काय असते? बहुधा पहिल्या दिवशी घेतलेली एक सही. अभ्यंगासाठी दिलेली संमती योनिपिचूची किंवा उत्तरबस्तीची संमती होत नाही. एका उपचाराची संमती दुसऱ्याला पुरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणी शस्त्रक्रियेच्या संदर्भात सांगितले आहे. क्रिया कोणती, कोणती वस्त्रे उतरवावी लागतील, स्पर्श कोठे होईल, कोण करील, हे रुग्णेच्या भाषेत आधी सांगावे. तिने ‘पुरे’ म्हटल्यास मध्येच थांबावे. स्त्रीची क्रिया स्त्री-परिचारिकेकडून, आणि वैद्य पुरुष असल्यास तपासणीच्या वेळी परिचारिका खोलीत उपस्थित; तिचे नाव केसपेपरवर. स्वतःच्या बचावासाठी काही केंद्रचालकांना उपचाराच्या खोलीत कॅमेरा बसवावासा वाटतो. तसे कदापि करू नये. विवस्त्र स्त्रीचे चोरून चित्रण हा कलम ७७ चा गुन्हा असून पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची शिक्षा आहे. कॅमेरा स्वागतकक्षात व बाहेरच्या मार्गिकेत पुरेसा आहे.

खोट्या तक्रारीच्या भयावर खरे औषध याच नोंदी आहेत. तक्रार झालीच तर तक्रारदार स्त्रीच्या घरी निरोप धाडणे, मध्यस्थ पाठविणे, वैद्यमंडळींच्या समूहात तिचे नाव फिरविणे हे सारे टाळावे. बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हाच दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा अपराध आहे. पुरावा अपुरा पडला म्हणजे तक्रार खोटी, असेही कायदा मानत नाही.

प्रौढ स्त्री अत्याचारानंतर थेट आपल्याकडे आली तर? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार खासगी रुग्णालयानेही तत्काळ मोफत प्रथमोपचार करून पोलिसांस कळवावयाचे असते. नाकारणाऱ्या रुग्णालय-प्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. न्यायवैद्यक तपासणी आपण करू नये, ते काम शासकीय वा पालिकेच्या रुग्णालयाचे. जखमेच्या उपचारास आवश्यक तेवढेच करावे. तिला स्नान घालू नये, कपडे धुऊ वा टाकू नयेत. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत, वेळ घालून लिहावे. हद्दीच्या कारणावरून कोणतेही पोलीस ठाणे तक्रार परत करू शकत नाही.

राहिला दुकानदारांचा प्रश्न. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा एकाही नोकरापासून लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते व न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचे असते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणातून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या समित्यांच्या दुरवस्थेवर ताशेरे ओढले होते. समेटाची सोय कायद्यात आहे, परंतु ती स्त्रीच्याच विनंतीवरून, आणि पैसे देऊन मिटविण्याची मुळीच नाही.

तक्रारदार स्त्री दुकानाची नोकरदारच असली पाहिजे असेही नाही. रुग्णा, ग्राहक, किंवा औषध कंपनीची प्रतिनिधी म्हणून नमुने घेऊन आलेली तरुणी, या सर्वांना हे संरक्षण आहे. त्या प्रतिनिधीच्या दृष्टीने आपले चिकित्सालय हे तिचे कामाचे ठिकाणच असते. तिला तासभर ताटकळत ठेवून मग आत बोलावून केलेली सलगीची थट्टा आपल्यापैकी काहींना अजून विनोद वाटते. न्याय संहितेच्या कलम ७५ खाली लैंगिक स्वरूपाच्या शेरेबाजीस एक वर्षापर्यंत आणि नकोशा स्पर्शास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.